आधी वाईट वर्षाचा हिशेब

फेब्रुवारी सरत आला की पुण्या-मुंबईत, नाशिक-सांगलीत आणि नागपुरातही काही घरांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. जेवणे आटोपलेली असतात, ताटे उचलून झालेली असतात आणि त्याच टेबलावर लॅपटॉप उघडला जातो. मुलीला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतून प्रवेशाचे पत्र आलेले असते. विषय दोन्हीकडे एकच, क्वांटिटेटिव्ह फायनान्स. म्हणजे बाजारातली किंमत आणि जोखीम गणिताने मोजण्याचे शास्त्र. एका विद्यापीठाचे नाव नात्यातल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. दुसऱ्याचे नाव घेतले की ‘हे कुठे आले?’ असे विचारले जाते, पण त्याची फी निम्मी असते. डिपॉझिट भरायला आठवडा उरलेला असतो. वडील कर्जाच्या हप्त्याचा आकडा तिसऱ्यांदा तपासतात आणि आई एकच प्रश्न विचारते, ‘‘दोन्हीकडे शिकवतात तेच ना? मग फरक कशाचा?’’

हा प्रश्न ज्याने त्याने टाळलेला असतो. क्रमवारी लावणारे पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर देऊन मोकळे होतात. कन्सल्टंट मोठ्या नावाकडे बोट दाखवतो. सीनियर मंडळी आपण जिथे शिकलो तेच बरे असे सांगतात. घरावर तारण ठेवून जाणाऱ्या मुलामुलींना यापेक्षा नीट उत्तर मिळायला हवे. ते शोधण्यासाठी याच शास्त्राची एक जुनी शिस्त उपयोगी पडते. सरासरी नफा किती होईल हे नंतर बघायचे. वाईट वर्षी काय होईल आणि ते आपल्याला सोसेल का, हे आधी मोजायचे.

हे शिक्षण कुठून आले ते पाहिले की आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. शेअरच्या भावाचे चढउतार संभाव्यतेच्या गणितात बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुई बाशेलिये यांनी १९०० साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात केला. त्याकडे अर्थजगताचे लक्ष जायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९७३ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार उघडला आणि त्याच वर्षी फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचा, आणि स्वतंत्रपणे रॉबर्ट मर्टन यांचा, ऑप्शनची किंमत काढण्याचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क आज किती रुपयांना विकावा, या प्रश्नाला प्रथमच वापरता येईल असे सूत्र मिळाले. मग बँकांना हे गणित रोज, दर मिनिटाला करणारी माणसे हवी झाली. ती त्यांना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत सापडली. इमॅन्युएल डरमन हे कणभौतिकीतले पीएच.डी. १९८५ साली गोल्डमन सॅक्समध्ये गेले, ते याच वाटेने. १९९३ साली अमेरिकी काँग्रेसने टेक्सासमधला महाकाय कण-त्वरकाचा प्रकल्प गुंडाळला, तेव्हा आणखी कितीतरी भौतिकशास्त्रज्ञ वॉल स्ट्रीटकडे वळले.

पण बँकांची गरज पीएच.डी.धारकांच्या पुरवठ्यापेक्षा मोठी होती. पॅरिसमध्ये निकोल एल करूई यांनी १९९० च्या सुमारास संभाव्यता आणि वित्त यांचा अभ्यासक्रम उभा केला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ साली कम्प्युटेशनल फायनान्सची पदव्युत्तर पदवी सुरू केली. त्यानंतर अमेरिकेत आणि युरोपात अशा अभ्यासक्रमांची रांग लागली. कुठे तो गणित विभागात जन्मला, कुठे अभियांत्रिकीत, तर कुठे बिझनेस स्कूलमध्ये. ज्या घरात जन्म झाला त्या घराचे वळण त्याला लागले आणि ते आजही दिसते.

एकट्या न्यू यॉर्क शहराचे उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठात या विषयाच्या एकाहून अधिक पदव्या आहेत. फायनान्शियल इंजिनिअरिंग अभियांत्रिकी शाखेत शिकवतात आणि मॅथेमॅटिक्स ऑफ फायनान्स गणित विभागात. प्रवेश वेगळा, वर्ग वेगळा, नोकरी शोधायला मदत करणारे कार्यालयही वेगळे. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीत कुरांट इन्स्टिट्यूटचा गणिती अभ्यासक्रम एक आणि टँडन अभियांत्रिकी शाखेचा दुसरा. त्याच शहरात बारूक कॉलेज आहे. ते शहराच्या सरकारी विद्यापीठाचा भाग आहे. तिथला वर्ग लहान, फी खासगी विद्यापीठांच्या तुलनेत बरीच कमी, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत गणिताची कसून परीक्षा. ‘कोलंबियाला चाललाय’ एवढे सांगून म्हणूनच काही कळत नाही. कोणत्या दारातून आत चाललाय ते विचारावे लागते. पदवीवर विद्यापीठाचे नाव असते, पण शिकवतो तो विभाग.

आता दुसरा भाग. ‘क्वांट’ हा शब्द आपण एका नोकरीचे नाव असल्यासारखा वापरतो. प्रत्यक्षात त्या शब्दाच्या पोटात निदान चार-पाच वेगवेगळे धंदे आहेत. बँकेच्या डेस्कवर बसून डेरिव्हेटिव्हची, म्हणजे ऑप्शनसारख्या करारांची, किंमत काढणारा एक. त्याने बनवलेले मॉडेल बरोबर आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासणारा दुसरा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ साली मॉडेलमधल्या जोखमीबद्दल सविस्तर मार्गदर्शन दिले, तेव्हापासून या कामाला मोठे महत्त्व आले. बँकेचे एकूण किती बुडू शकते हे मोजणारा तिसरा. फंडासाठी किमतींच्या इतिहासातून खरेदी-विक्रीचे संकेत शोधणारा चौथा. हे सगळे ज्या यंत्रणेवर चालते ती लिहिणारा प्रोग्रामर पाचवा. पहिल्याला स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, म्हणजे यदृच्छ चढउतारांचे गणित, हवे, चौथ्याला संख्याशास्त्र आणि मशिन लर्निंग, पाचव्याला सी प्लस प्लसवर हुकूमत. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला थोडे थोडे सगळेच, शिवाय चार पानांची टिपणी स्वच्छ लिहिता येणे.

म्हणून अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडल्यावर फोटो सोडून विषयांची यादी वाचावी. सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक कोणते, आणि ते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात दरवर्षी शिकवले जातात का, हे बघावे. शिकवणारे कोण हेही बघावे. कार्नेगी मेलनच्या अभ्यासक्रमात बिझनेस स्कूल, गणित, संख्याशास्त्र आणि माहिती व सार्वजनिक धोरणाचे हाइन्झ कॉलेज अशी चार घरे एकत्र आहेत. स्टीव्हन श्रीव्ह यांची स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसवरची दोन खंडांची पुस्तके तिथल्याच वर्गातून तयार झाली आणि आज जगभर वापरली जातात. कुरांटमध्ये दिवसा बँकेत किंवा फंडात काम करणारी माणसे संध्याकाळी शिकवायला येतात. ज्याचे गणित पक्के आहे पण बाजार कधी पाहिला नाही त्याला दुसरी जागा मानवेल. ज्याचा पायाच कच्चा आहे त्याने आधी पहिल्या प्रकारची जागा शोधावी. दोन्ही चांगल्याच, पण एकाच मुलाला दोन्ही सारख्या चांगल्या नसतात.

या क्षेत्रात मुलाखतीत काय पाहतात ते एका प्रश्नावरून कळेल. नाणे उडवत राहायचे. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत सरासरी किती वेळा उडवावे लागेल? आणि छाप्यामागे काटा पडेपर्यंत किती वेळा? पुष्कळ जण उत्तर देतात की दोन्ही सारखेच, कारण छापा-छापा आणि छापा-काटा यांची शक्यता सारखीच, एक चतुर्थांश. पहिल्याचे उत्तर आहे ६ आणि दुसऱ्याचे ४. दोन छापे हवे असताना पहिला छापा पडला आणि पुढे काटा आला, तर केलेली सगळी मेहनत वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. छाप्यामागे काटा हवा असताना पहिला छापा पडला आणि पुढे पुन्हा छापाच आला, तर काही बिघडत नाही. हातात एक छापा आहेच, फक्त काट्याची वाट बघायची. हे उत्तर पाठ केलेल्याला पुढचाच प्रश्न आडवा करतो. तीन छापे म्हटले तर? नाणे खोटे असेल तर? समोरच्याला पाहायचे असते ते एवढेच, की चूक झाल्यावर आपण किती मागे फेकले जातो याचा विचार या मुलाला सुचतो का.

आणि हाच विचार अभ्यासक्रम निवडताना करायचा आहे.

त्यासाठी पहिला कागद म्हणजे प्लेसमेंटचा अहवाल. तो घरात सगळ्यात जास्त वाचला जातो आणि सगळ्यात कमी समजून घेतला जातो. ‘९५ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत असते. हे ९५ टक्के कशाचे, ते खालच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. समजा वर्गात १०० मुले आहेत. त्यांतली १० ‘नोकरी शोधत नाहीत’ म्हणून वगळली. आणखी १० जणांनी विद्यापीठाच्या ईमेलला उत्तरच दिले नाही म्हणून वगळली. उरलेल्या ८० पैकी ७६ जणांना नोकरी मिळाली, की झाले ९५ टक्के. आकडा खोटा नाही. पण १०० मुलांपैकी नोकरी मिळाल्याची माहिती आहे ती ७६ जणांची. उरलेल्या २४ जणांत आपले मूल असू शकते, हे धरून चालायला हवे.

पगाराचेही तसेच. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला १ लाख डॉलर मिळाले आणि एकाला ४ लाख, तर सरासरी १ लाख ३० हजार होते. त्या वर्गात १ लाख ३० हजार पगार कोणालाच नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवून मधला पगार विचारावा. त्याहून बरे म्हणजे खालच्या चौथ्या हिश्श्याचा पगार विचारावा. पदाचे नाव आणि शहर विचारावे. नोकरी विषयातली आहे की ‘बिझनेस ॲनालिस्ट’ म्हणून कुठेतरी सामावून घेतले आहे, तेही विचारावे. आणि हे एका वर्षापुरते न विचारता निदान तीन-चार वर्षांचे विचारावे, कारण नोकऱ्यांचा बाजार एका वर्षात उलटतो. जो विभाग असा तपशील वर्षावर्षाने समोर ठेवतो त्याच्याकडे विश्वासाने बघावे. जो चार मोठ्या बँकांचे लोगो छापून थांबतो, त्याच्याकडून लेखी उत्तर मागावे. प्रश्न विचारला म्हणून कोणी प्रवेश रद्द करत नाही.

अहवालात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेळापत्रक. या क्षेत्रात पुष्कळ कायमच्या नोकऱ्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपमधून मिळतात. कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम साधारण सोळा महिन्यांचा आहे आणि त्याच्या मध्ये एक उन्हाळा मोकळा येतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि त्यातली इंटर्नशिप हिवाळ्याच्या तोंडाशी येते. ऑक्सफर्डचा गणिती व संगणकीय वित्ताचा अभ्यासक्रम दहा महिन्यांत संपतो. तो उरकतो लवकर आणि राहण्याचा खर्चही वाचतो. पण ऑक्टोबरमध्ये वर्गात बसलेल्या मुलाला त्याच महिन्यात नोकऱ्यांचे अर्ज भरावे लागतात, म्हणजे पहिली परीक्षा होण्याआधीच. ज्याने आधी दोन-तीन वर्षे कुठे काम केले आहे, त्याला हे झेपते. कॉलेजातून थेट गेलेल्याला मधल्या उन्हाळ्याची गरज असते.

आता कर्ज. इथे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंटची आठवण काढली पाहिजे. १९९४ साली सुरू झालेल्या या फंडात मर्टन आणि शोल्स स्वतः भागीदार होते. १९९७ साली त्या दोघांना नोबेल मिळाले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियाने आपल्या रोख्यांची देणी थकवली, बाजार घाबरला आणि काही आठवड्यांत तो फंड बुडीत निघाला. न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने पुढाकार घेऊन १४ बँकांना एकत्र आणले आणि त्यांनी सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून पडझड थांबवली. त्या माणसांचे गणित जगात कोणापेक्षा कमी नव्हते. पण वर्षाच्या सुरुवातीला स्वतःच्या प्रत्येक डॉलरमागे त्यांनी पंचवीसहून अधिक डॉलर उसने घेतले होते. अंदाज शेवटी बरोबर ठरेलही. पण तो बरोबर ठरेपर्यंत तग धरण्याइतकी ताकद उसन्या पैशावर उभ्या असलेल्याकडे राहत नाही.

परदेशी शिक्षणाचे कर्ज हाही असाच उसन्या पैशावर घेतलेला सौदा आहे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू. समजा ८० लाखांचे कर्ज आहे, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षे. शिकत असताना साचलेले व्याज धरले नाही, तरी महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख १० हजार रुपये येतो. डॉलर ९० रुपयांचा धरला तर हे सुमारे १,२०० डॉलर झाले. न्यू यॉर्कमध्ये चांगली नोकरी लागली तर घरभाडे देऊनही हा हप्ता निघतो आणि जादा रक्कम भरत गेल्यास चार-पाच वर्षांत कर्ज फिटते. हे झाले चांगले वर्ष. आता वाईट वर्ष धरा. नोकरी तिथे लागली नाही, मूल परत आले आणि पुण्यात किंवा मुंबईत हातात महिन्याला सव्वा लाख पडतील अशी बरी नोकरी मिळाली. पगार वाईट नाही, पण जवळजवळ सगळा हप्त्यात जातो. तीच पदवी ४० लाखांच्या कर्जात झाली असती तर हप्ता ५५ हजारांचा असता. कसरत झाली असती, पण घर तारणातून सुटले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. या निवडीत अंथरूण म्हणजे चांगल्या वर्षीचा न्यू यॉर्कचा पगार धरायचा नाही, वाईट वर्षीचा इथला पगार धरायचा.

वाईट वर्ष ही केवळ भीती घालायची गोष्ट नव्हे. ऑगस्ट २००७ मध्ये तीन सत्रांच्या अभ्यासक्रमाला बसलेले मूल डिसेंबर २००८ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात, २००८ च्या मार्चमध्ये, बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक विकली गेली आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. त्या मुलांनी चूक काही केली नव्हती. प्रवेश घेताना असे वर्ष वाट्याला येईल का हे कोणालाच सांगता येत नाही. आले तर काय करू, एवढे मात्र प्रत्येकाला ठरवता येते.

व्हिसाचा हिशेबही याच वहीत मांडायला हवा. अमेरिकेत शिक्षणानंतर काम करण्याची मुभा १२ महिन्यांची असते. अभ्यासक्रमाची नोंद विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम या बाबतीत वेगळे असू शकतात, म्हणून विभागाकडून ते लेखी घ्यावे. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे आणि निवड सोडतीने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांना तो लागू नाही, हे स्पष्ट व्हायला महिना गेला. त्या महिन्यात किती घरांची झोप उडाली असेल! ब्रिटननेही पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी १८ महिन्यांवर आणण्याचे ठरवले आहे. जाताना असलेला नियम परतताना तोच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

मग जाऊच नये का? असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याचे गणित पक्के आहे, ज्याला नेमके कोणते काम करायचे ते उमगले आहे आणि ज्याचे वाईट वर्ष घराला सोसणारे आहे, त्याने अवश्य जावे. पैशाअभावी अडलेल्यांसाठी वाटा आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. मुंबईचे जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने साहाय्य करते आहे. शासकीय शिष्यवृत्तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीला महत्त्व असते. तिथे नावाचा विचार करावाच लागतो आणि त्यात गैर काही नाही, कारण तिथे वाईट वर्षाचा भार घरावर पडत नाही.

न जाणाऱ्यांसाठीही दारे बंद नाहीत. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एम.स्टॅट., आयआयटी मुंबईची संख्याशास्त्राची एम.एस्सी., गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, या ठिकाणी मिळणारा पाया परदेशातल्या कोणत्याही वर्गात मान वर ठेवून बसता येईल असा आहे, आणि खर्च परदेशाच्या मानाने नगण्य. मुंबईत गोरेगाव-पवईला आणि पुण्यात खराडीला आज जागतिक बँकांची मोठी कार्यालये आहेत. न्यू यॉर्क-लंडनमध्ये वापरली जाणारी मॉडेल तपासण्याचे आणि जोखीम मोजण्याचे बरेच काम भारतातल्या अशा कार्यालयांत होते. दोन-तीन वर्षे ते काम करावे, आपल्याला यातले नेमके काय आवडते ते कळू द्यावे, थोडे पैसे गाठीला बांधावेत आणि मग बाहेर जावे. वय वाढते असे वाटते. पण चोविसाव्या वर्षी काय हवे ते जाणून गेलेले मूल बाविसाव्या वर्षी चाचपडत गेलेल्याच्या पुढे निघते.

या शिक्षणाची एक जबाबदारीही आहे आणि निवड करताना तिचा विसर पडू नये. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या कंपन्या नफ्यात होत्या आणि त्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून मोठा वाटा संगणकी अल्गोरिदममधून आला होता. एका बाजूला मोबाइलवर बोटाने सौदे करणारा इचलकरंजीचा किंवा जळगावचा तरुण, दुसऱ्या बाजूला हेच शास्त्र शिकलेली माणसे आणि त्यांची यंत्रे. हे गणित शिकून आपण नेमके काय करणार, हा प्रश्न प्रवेशाच्या निबंधात कोणी विचारत नसला तरी स्वतःला विचारावा. २००८ च्या पडझडीनंतर जानेवारी २००९ मध्ये डरमन आणि याच क्षेत्रातले पॉल विल्मट यांनी मॉडेल बनवणाऱ्यांसाठी एक जाहीरनामा लिहिला. मॉडेल म्हणजे जग नव्हे आणि त्याच्या मर्यादा वापरणाऱ्याला सांगणे हे बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे, असा त्याचा सूर होता. जो विभाग ही गोष्ट वर्गात शिकवतो तो चांगला विभाग.

शेवटी नावाबद्दल, एका सिद्धांताच्या गोष्टीतून. व्याजदरांच्या आलेखात रोज होणारे शेकडो बदल दोन-तीन मूळ हालचालींत बसवता येतात: संपूर्ण आलेख वर-खाली होणे, त्याचा उतार बदलणे, त्याचा बाक बदलणे. जगातल्या रोख्यांच्या डेस्कवर ही पद्धत नित्याची आहे. तिच्या मुळाशी जे गणित आहे त्याला कारहुनेन आणि लोएव्ह या दोन गणितज्ञांचे नाव पडले. पण त्यांच्या आधी, १९४३ साली, ते गणित प्रसिद्ध केले होते गोव्यातल्या कोसबें गावी जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, आणि तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. आता त्या सिद्धांताच्या नावात कोसंबींचेही नाव जोडले जाते. फर्ग्युसनच्या वर्गात बसून हे काम झाले, याचा अर्थ जागेला महत्त्व नाही असा नव्हे. कोसंबी स्वतः हार्वर्डला शिकले होते. अर्थ इतकाच, की पक्के झालेले गणित माणसाबरोबर कुठेही जाते.

त्या टेबलाशी बसलेल्या आईच्या प्रश्नाला म्हणून असे उत्तर आहे. नाही, दोन्हीकडे तेच शिकवत नाहीत. फरक आहे तो विभागात, शिकवणाऱ्यांत, मधल्या उन्हाळ्यात, वर्गातल्या तळाच्या मुलांचे पुढे काय झाले त्यात आणि तुमच्या घराला सोसणाऱ्या हप्त्यात. दोन्ही प्रवेशपत्रे शेजारी ठेवा आणि या पाच गोष्टी एका कागदावर लिहून काढा. जे विद्यापीठ वाईट वर्षीही तुमच्या मुलीला पायावर उभे ठेवेल, ते निवडा. दोन्ही तशी असतील तर जिथले गणित अधिक कसाचे आहे ते घ्या. आणि एकही तसे नसेल, तर यंदा डिपॉझिट भरू नका. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.